वीस हजारांच्या आत मोठा गेमिंग मॉनिटर

गेमिंगसाठी मोठा मॉनिटर घ्यायचा म्हटले की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "किती इंची दाखवू?" जाहिरातीतही इंचांचाच आकडा सर्वांत ठळक असतो. खिशात पैसे मोजके असतील, तर हा प्रश्न शेवटी यायला हवा, असे माझे मत आहे. टेबल किती खोल आहे, ग्राफिक्स कार्ड (संगणकात खेळाचे चित्र तयार करणारा भाग) किती भार पेलते आणि या दोहोंना कोणते रिझोल्यूशन (पडद्यावरच्या पिक्सेलची, म्हणजे चित्राच्या ठिपक्यांची संख्या) मानवते, एवढे ठरले की इंच जवळजवळ आपोआप ठरतात. माझ्याकडे 22 इंची, 60 हर्ट्झचा (सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणारा) जुना फुल एचडी मॉनिटर आणि आरएक्स 6600 हे कार्ड होते आणि 20 हजार रुपयांच्या वर जायचे नाही, हे घरात आधीच ठरले होते.

इंच मोजले जातात ते पडद्याच्या कर्णावर. त्यामुळे 24 वरून 27 वर जाणे म्हणजे थोडीशी वाढ वाटते, पण क्षेत्रफळ सुमारे 27 टक्क्यांनी वाढते आणि 32 इंची पडदा तर 24 इंचीपेक्षा सुमारे 78 टक्के मोठा असतो. पिक्सेल मात्र पडद्याबरोबर वाढत नाहीत. फुल एचडी म्हणजे 1920 गुणिले 1080, अर्थात सुमारे 20.7 लाख पिक्सेल, मग पडदा 22 इंची असो वा 32 इंची. तेवढेच पिक्सेल मोठ्या जागेत पसरले की प्रत्येक पिक्सेल मोठा होतो. 24 इंची फुल एचडी पडद्यावर एका इंचात साधारण 92 पिक्सेल बसतात, 27 इंचीवर 82 आणि 32 इंचीवर अवघे 69. म्हणूनच स्वस्तातला 27 इंची फुल एचडी मॉनिटर हा मला सर्वांत फसवा सौदा वाटतो: किंमत आकर्षक, आकार डोळ्यांत भरणारा, पण अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या आणि खेळात दूरवरच्या कुंपणाच्या तारा तुटक दिसतात. याउलट 2560 गुणिले 1440 म्हणजेच क्यूएचडी रिझोल्यूशन 27 इंचांत घेतले, तर घनता 109 पर्यंत जाते. हेच रिझोल्यूशन 32 इंचांत घेतले, तर घनता नेमकी 24 इंची फुल एचडीइतकी भरते. याचा अर्थ 32 इंची क्यूएचडी वाईट नाही. तिथे जास्तीचे पैसे आकारासाठी जातात, सुबकपणासाठी नाही, एवढेच.

आता टेबलाचे पाहू. चांगली दृष्टी साधारण एक कलेइतका, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील ओळखू शकते असे धरतात. त्या हिशेबाने 27 इंची फुल एचडीचे पिक्सेल वेगळे दिसेनासे व्हायला डोळे पडद्यापासून सुमारे 107 सें.मी. दूर असावे लागतात, 27 इंची क्यूएचडीला 80 सें.मी. पुरतात. मुंबईतल्या घरांत टेबल दोन फूट खोल असले तरी नशीब समजायचे, आणि त्यातही मॉनिटरचा स्टँड मागची वीतभर जागा खातो. अशा टेबलावर 70 सें.मी. रुंदीचा 32 इंची पडदा ठेवला, तर कोपऱ्यातला नकाशा आणि गोळ्यांची मोजदाद पाहण्यासाठी मान वळवावी लागते. निशाणेबाजीच्या खेळात हे फार खटकते. 27 इंची पडदा सुमारे 60 सें.मी. रुंद असतो आणि एका नजरेत मावतो. भिंतीवर किंवा आर्मवर लावायचा विचार असेल, तर मागे 75 किंवा 100 मि.मी.च्या चौकोनातली वेसा छिद्रे आहेत ना, हे आधी तपासावे, कारण काही स्वस्त मॉनिटरना ती नसतात.

क्यूएचडीबाबत सर्वांना वाटणारी भीती कार्डाची असते, आणि ती निराधार नाही. सुमारे 36.9 लाख पिक्सेल म्हणजे फुल एचडीच्या 1.78 पट काम; फोर-के तर चौपट. एएमडीने आरएक्स 6600 हे कार्ड 2021 मध्ये आणले तेच मुळी फुल एचडीसाठी. परंतु कमी पिक्सेलचे चित्र वाढवून दाखवणाऱ्या एफएसआरसारख्या तंत्रांनी हे गणित बरेच बदलले आहे. एफएसआर 2 च्या क्वालिटी मोडमध्ये लांबी आणि रुंदी प्रत्येकी दीड पट कमी ठेवून चित्र तयार केले जाते, म्हणजे क्यूएचडी पडद्यासाठी कार्ड प्रत्यक्षात साधारण 1706 गुणिले 960 एवढेच रेखाटते आणि उरलेले काम आधीच्या फ्रेममधील, म्हणजे आधीच्या क्षणाच्या चित्रातील, माहिती वापरून भरून काढले जाते. रेखाटलेले पिक्सेल फुल एचडीपेक्षाही कमी असतात, तरी क्यूएचडी पडद्यावर दिसणारे चित्र मला फुल एचडी पडद्यावरच्या मूळ चित्रापेक्षा अधिक भरीव वाटते. वाढवून चित्र दाखवण्याचा खर्च थोडा असतोच, आणि ज्या जुन्या खेळांत ही सोय नाही ते तसेही हलके असतात. फोर-के मात्र या अंदाजपत्रकात मी विचारातही घेतले नाही.

पॅनेलच्या, म्हणजे पडद्याच्या प्रकाराच्या, बाबतीत या किमतीत खरी निवड आयपीएस आणि व्हीए या दोन प्रकारांतच असते. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढऱ्या आणि काळ्या रंगांच्या उजेडाचे प्रमाण) साधारण एक हजारास एक असतो, व्हीएचा तीन हजारास एक किंवा त्याहून अधिक. रात्री दिवा मालवून भयपट धाटणीचे खेळ खेळणाऱ्याला व्हीएचा काळा रंग खरोखर काळा दिसेल, तर आयपीएसवर तो किंचित करडा आणि कोपऱ्यांत उजळलेला दिसेल. पण स्वस्त व्हीए पॅनेलमध्ये गडद छटांचे पिक्सेल सावकाश बदलतात आणि अंधाऱ्या दृश्यात कॅमेरा फिरवला की वस्तूंच्या मागे काळपट ओघळ उमटतो. ज्याला तो एकदा दिसला त्याला तो नंतर सतत दिसतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत मॉनिटर बहुधा भडक रंगांच्या चित्रफिती लावून ठेवलेले असतात आणि त्यांत हा दोष मुळीच कळत नाही. दुकानदाराला गडद करड्या पार्श्वभूमीचे एखादे संकेतस्थळ उघडून वरखाली सरकवायला सांगावे. मी दिवसा उजेडातही काम करतो आणि बाजूने पाहिल्यावर रंग बदललेले मला चालत नाहीत, म्हणून आयपीएस निवडले. केवळ रात्री आणि एकट्याने खेळणाऱ्याने व्हीए घ्यावा, असे मी निःसंकोच सांगेन.

रिफ्रेश रेटच्या, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलते त्या, आकड्यांत मोह फार आहे. 60 हर्ट्झला एक फ्रेम 16.7 मिलिसेकंद टिकते, 144 हर्ट्झला 6.9 आणि 180 हर्ट्झला 5.6. पहिल्या उडीत जवळजवळ 10 मिलिसेकंदांचा लाभ होतो, दुसऱ्या उडीत दीडसुद्धा नाही. 144 च्या पुढच्या प्रत्येक आकड्यासाठी वेगळे पैसे मोजण्याची गरज मला वाटत नाही. फुकट मिळाले तर घ्यावेत. खोक्यावरचा "1 मिलिसेकंद" हाही असाच. तो एमपीआरटी या, हलते चित्र डोळ्यांना किती पुसट दिसते त्याच्या, मोजमापाचा असेल, तर तो मागचा प्रकाश वेगाने चालूबंद करून साधलेला असतो. त्याने चित्राचा उजेड कमी होतो आणि ती सोय बहुधा अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकबरोबर वापरता येत नाही. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मात्र हवेच, कारण साधे कार्ड कधी 90 तर कधी 55 फ्रेम देते आणि पडद्याने त्या चढउताराशी जुळवून घेतले तर चित्र फाटत नाही. एनव्हिडिया या दुसऱ्या कंपनीच्या जीटीएक्स 10 मालिकेच्या आणि त्यानंतरच्या कार्डांनाही जानेवारी 2019 पासून असे मॉनिटर चालू लागले, त्यामुळे याच कामासाठी मॉनिटरमध्ये बसवल्या जाणाऱ्या एनव्हिडियाच्या खास जी-सिंक मॉड्यूलसाठी जादा पैसे देण्याचे कारण उरलेले नाही.

एचडीआर (उजेड आणि अंधार यांतला फरक अधिक ठळक दाखवणारे तंत्र) 400 या चिठ्ठीसाठी एक रुपयाही अधिक देऊ नये. त्या दर्जाला लोकल डिमिंगची अट नाही, आणि पडद्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे उजळल्याशिवाय एचडीआरचा परिणाम साधत नाही.

"त्यापेक्षा 32 इंची टीव्ही घे की," असा सल्ला नातेवाइकांकडून हमखास मिळतो. स्वस्त 32 इंची टीव्हींपैकी बरेचसे 1366 गुणिले 768 एवढेच पिक्सेल दाखवतात, म्हणजे इंचाला 49, आणि तेही 60 हर्ट्झवर. सोफ्यावर बसून क्रिकेट पाहायला ते पुरे आहेत.

34 इंची रुंद पडद्यांचा मोह मलाही झाला होता. त्यांच्यावर 3440 गुणिले 1440, म्हणजे क्यूएचडीपेक्षा सुमारे 34 टक्के अधिक पिक्सेल असतात आणि उंची 27 इंचीएवढीच राहते. 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर 18 टक्के आणि त्याहून मोठ्यांवर 28 टक्के जीएसटी होता. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठे मॉनिटरही 18 टक्क्यांत आले. त्यामुळे हे पडदे पूर्वीइतके दूर राहिलेले नाहीत, पण माझ्या कार्डाला ते झेपले नसते.

अखेर घरी आला तो 27 इंची, क्यूएचडी, आयपीएस, 180 हर्ट्झचा, आणि तोही सणाच्या सवलतीत. ऑनलाइन घेणाऱ्याने खोके उघडतानाचे चित्रीकरण अवश्य करावे आणि परतीची मुदत संपण्याआधी पूर्ण काळ्या, पांढऱ्या, लाल, हिरव्या आणि निळ्या पडद्यावर मृत पिक्सेल शोधावेत, कारण एखाददुसरा मृत पिक्सेल असला तर वॉरंटीत मॉनिटर बदलून मिळेलच असे नाही. केबल डिस्प्लेपोर्टची वापरावी; या किमतीच्या मॉनिटरवरचे एचडीएमआय 2.0 बहुधा क्यूएचडीला 144 हर्ट्झवरच थांबते. आणि जोडणी झाल्यावर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः निवडावा, कारण नवा मॉनिटर पुष्कळदा 60 हर्ट्झवरच सुरू होतो.