पट्टा पडल्यावरचा हिशेब

सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात मी स्लिपबॉय आहे. उसाच्या फडात गाडी भरली की स्लिप फाडायची, काट्यावर वजन झालं की टनेज चढवायचं. तोडकऱ्यांच्या पैशाशी माझा संबंध नाही. कारखाना वाहनमालकाशी करार करतो, वाहनमालक मुकादमाला रक्कम देतो, मुकादम गावात जाऊन नवरा-बायकोच्या जोड्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटतो. जोडी म्हणजे एक कोयता. माझी स्लिप गाडीच्या नावाने निघते, त्यामुळे कुठल्या कोयत्याने किती टन तोडलं हे कारखान्याच्या कागदावर कुठेच नसतं. ते फक्त मुकादमाच्या डायरीत.

2024-25चा हंगाम निवडणुकीमुळे लांबून 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि ऊस कमी म्हणून मार्चच्या मध्यात आमचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं. बीडकडची टोळी कोप्या, म्हणजे राहायच्या झोपड्या, मोडून गट ऑफिससमोर हिशेबाला बसली. मी आत रजिस्टर जुळवत होतो. बाहेर आवाज चढला तसा उठलो.

एका कोयत्यावर मुकादमाने 19 खाडे, म्हणजे गैरहजेरीचे दिवस, धरले होते. खाडा पडला की त्या दिवसाची तोड तर जातेच, वर 500 रुपये कापतात. नवरा नुसताच मान हलवत होता. बायको म्हणत होती, "एवढे नाय वो, एवढे नाय." तेवढ्यात त्यांची पोरगी पुढे आली. सातवीतली असेल. गावाकडच्या हंगामी वसतिगृहात न ठेवता धाकट्याला सांभाळायला म्हणून तिला फडावर आणलेली. हातात चिखलाचे डाग पडलेली वही. त्यात रोजची तारीख, ऊसमालकाचं आडनाव, मोळ्या, आणि आईबाप तोडीला गेले नाहीत त्या दिवशी फुली. फुल्या 11.

"ह्या दिवशी तर कारखानाच बंद व्हता," तिने बोट ठेवलं. "ह्या सरांनीच येऊन सांगितलं व्हतं."

मी रजिस्टर आणलं. वादातल्या आठ तारखांपैकी पाच दिवस मिल बंद होती, आणि तोडी थांबवा हा निरोप फडावर मीच दिला होता. मुकादमाने ते पाच खाडे खोडले. उरलेल्या तिन्ही दिवशी आई अर्धा दिवस तोडून सरकारी दवाखान्यात गेली होती. ते काही सुटले नाहीत. अर्ध्या दिवसाला अर्धा खाडा नसतो म्हणे.

तरी बाकी निघालीच. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढले, टनाला 366 रुपये झाले. पहाटेपासून राबून जोडी दिवसाला साधारण दोन टन तोडते, म्हणजे दोघांत मिळून 732. एक लाखाची उचल फेडायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता साडेचार महिने. हंगाम चालला चार. यांचे भरले दोनशे टन. खाडे आणि खर्ची, म्हणजे दर आठवड्याला खर्चाला घेतलेले पैसे, धरून 40 हजारांच्या आसपास अंगावर राहिले, आणि ते पुढच्या उचलीत वळते होणार.

त्याच टेबलाशी शेतकरी येतात. त्यांच्या उसाला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे किमान दर, आहे; त्या हंगामात 10.25 टक्के साखर उताऱ्याला टनाला 3,400. बिल 14 दिवसांत मिळालं नाही तर 15 टक्के व्याज, हे 1966च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. आमच्याकडे बिल लांबलं की हे कलम तोंडपाठ ऐकवणारे दहाजण दारात उभे राहतात. बरोबरच आहे त्यांचं. तोच ऊस तोडणाऱ्याला मात्र ऐकवायला कलम नाही.

मुकादमाला एकट्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. त्या वर्षी त्याचे दोन कोयते उचल घेऊन आलेच नव्हते आणि वाहनमालकाने त्याच्या कोऱ्या चेकवर सह्या घेतलेल्या.

हिशेब मिटला असं समजून मुकादम डायरी मिटायला लागला. पोरगी हलली नाही. वही आणि पेन त्याच्यापुढे धरून म्हणाली, "बाकी हितं लिव्हा. आन सही करा." तो माझ्याकडे बघून हसला, काहीतरी पुटपुटला, आणि त्याने आकडा लिहून खाली सही केली. मग तारीख राहिली म्हणून तिने वही परत पुढे केली.