निघाला होता

खुनाच्या खटल्यातलं अपील उच्च न्यायालयात गेलं की खालच्या कोर्टातल्या मराठी जबान्या इंग्रजीत करून पेपरबुकात, म्हणजे अपिलाच्या कागदपत्रांच्या संचात, लावाव्या लागतात. ते माझं काम. बाहेरच्यांना कल्पना नसते, पण जबानीत वकिलाचा प्रश्न सहसा नसतोच. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश वाक्य बांधून सांगतात, लघुलेखक टाइप करतो. प्रश्न गळतो, उत्तरं सलग उरतात.

परवा शेजारणीची साक्ष आली. ‘मी ओसरीवर गेले तेव्हा तो निघाला होता. त्याच्या हातात कोयता होता.’ नव्या सहकाऱ्याच्या मसुद्यात होतं, ‘ही हॅड लेफ्ट.’

‘लीव्ह’ पास्ट परफेक्टमध्ये गेलं की माणूस तिथून गेलेला असतो. मग बाईंनी कोयता पाहिला कुठे? आरोपीच्या वकिलाला एवढी विसंगती पुरते. मराठीत मात्र उंबऱ्यात चपला घालणाराही ‘निघालेला’ असतो आणि वेशीपाशी पोचलेलाही.

‘होता’ दिसला की ‘हॅड’ ठोकायचा, हे शाळेत चुकीचं घोटून घेतलं जातं. ‘काल बाजारात गेले होते’ याला इंग्रजीत ‘आय वेंट’ पुरतं. ‘हॅड’ला पुढची एखादी घटना लागते, जिच्याआधी हे घडून गेलं. याच जबानीत ‘पोलीस आले होते, त्यांनी विचारलं होतं, मी सांगितलं होतं’ असं होतं. मसुद्यात तिन्हीकडे ‘हॅड’, आधी काय नि नंतर काय, पत्ता नाही. ते लगेच साधं केलं.

‘निघाला होता’वर मात्र दुपार गेली. ‘वॉज लीव्हिंग’ लिहिलं तर कोयता जुळतो, पण आरोपीला ओसरीवर मीच उभं केल्यासारखं होतं. साहेब म्हणाले, “संदर्भ स्पष्ट आहे, लिहून टाका, फाइल आज जायचीय.” संदर्भाचा निवाडा अनुवादकाने करायचा नसतो. उलटतपासणी पुन्हा वाचली. ‘तो किती लांब होता?’ एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. त्याचं उत्तर कुठेच नाही.

शेवटी ‘हॅड सेट आउट’ लिहिलं आणि कंसात बाईंचे मूळ शब्द ठेवले. खंडपीठावरच्या दोन्ही न्यायमूर्तींना मराठी येत असेलच असं नाही, पण निदान वकिलांना बोट ठेवता येईल. तरी ‘सेट आउट’ला प्रवासाला निघाल्याचा वास आहेच. ‘हॅड स्टार्टेड टू लीव्ह’ म्हणावं, तर तो पुन्हा ओसरीवरच अडकतो. फाइल गेलीय. यापेक्षा जवळचं काही मला अजून सुचलेलं नाही.