दाराची कडी आणि नाताळची गाणी

डिसेंबरचा तिसरा रविवार जवळ आला की मला झोप लागत नाही. ठाण्यातल्या आमच्या महिला भजनी मंडळाची नाताळची संध्याकाळ त्या दिवशी असते. 2010 साली सुरू केली, करोनाची दोन वर्षं सोडली तर एकदाही चुकवली नाही. मी मंडळाची चिटणीस, त्यामुळे हे सगळं जरा हक्कानं लिहितेय.

सुरुवात झाली ती चरईतल्या मावशींमुळे. मावशी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या. रविवारी तलावपाळीजवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये आणि गुरुवारी आमच्या भजनात. तुकोबांचे अभंग त्या इतके मोकळ्या गळ्यानं म्हणत की पहिल्या महिन्यातच आम्ही त्यांना पुढच्या ओळीत बसवलं. त्या वर्षी डिसेंबरात त्या सहज म्हणाल्या, "मी तुमची गाणी म्हणते गं वर्षभर, एकदा आमची म्हणाल का?" नाही म्हणायचं कारणच नव्हतं. दोघीतिघींना ते रुचलं नाही, भजनी मंडळात हे कशाला, असं त्यांचं म्हणणं. एक तर त्यानंतर आलीच नाही. मला अजून वाईट वाटतं. कारण आमची संध्याकाळ सुरू होते रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगानं, टाळ-मृदंगावर. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असं टिळक सांगत. तो अभंग तिनं एकदा ऐकला असता तर तिची नाराजी टिकली नसती.

दीपप्रज्वलन, नारळ, पाहुण्यांचे दोन शब्द हे दरवर्षी होतं तसं होतं. मी वाट बघते ती मावशींच्या बोलण्याची. प्रत्येक गाण्याआधी त्या दोन मिनिटं बोलतात, कागद न घेता. 'सायलेंट नाइट'ची गोष्ट त्या नेहमी अशीच सुरू करतात: "एक गावातला मास्तर होता." तो मास्तर म्हणजे फ्रान्झ ग्रुबर. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फच्या चर्चमधले तरुण धर्मगुरू योझेफ मोर यांनी 1816 साली एक कविता लिहून ठेवली होती. 24 डिसेंबर 1818 रोजी त्यांनी ती ग्रुबरपुढे ठेवली, त्यानं त्याच दिवशी चाल लावली, आणि रात्री दोघांनी ती गिटारवर म्हटली. पुढे पहिल्या महायुद्धात, 1914 च्या नाताळात, समोरासमोरच्या खंदकांतले सैनिक हेच गाणं आपापल्या भाषेत म्हणत होते. इथवर आल्या की मावशी थांबतात, पदरानं चष्मा पुसतात आणि मग सूर देतात. चौदा वेळा ऐकलंय, चौदाही वेळा माझा पहिला शब्द घशात अडकलाय.

आम्ही सगळ्यात जास्त घाम गाळला तो युक्रेनच्या गाण्यावर. 'जिंगल बेल्स' काय, पोरांना येतंच (ते 1857 चं गाणं, पण त्यात नाताळाचा उल्लेखसुद्धा नाही, हे मावशी सांगायच्या तेव्हा मुलं हटकून वाद घालायची). युक्रेनचं मात्र निराळं. घंटांचं गाणं म्हणून जगभर वाजतं, पण मूळचं नाव 'श्चेद्रिक'. मिकोला लेओन्तोविच यांनी ते जुन्या लोकगीतावरून बांधलं आणि 1916 साली ते कीवमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं. मूळ शब्दांत घंटा नाहीतच. एक पाकोळी घरात शिरते आणि मालकाला म्हणते, बाहेर येऊन बघ, तुझ्या मेंढ्या व्याल्या, वर्ष भरभराटीचं जाणार. आपला वासुदेव पहाटे दारात येऊन दान मागतो, घराचं भलं चिंततो, अगदी तसंच. हे कळल्यावर बायकांना ते गाणं एकदम घरातलं वाटलं.

पण म्हणायला बसलो तेव्हा खरी परीक्षा होती. आमच्या पेटीवाल्या काकांनी चाल काढली: ग रे ग सा, गंधार कोमल. एवढ्या चार सुरांवर सगळं उभं. काकांनी दादऱ्यात बसवलं आणि म्हणाले, सोपं आहे. सोपं कुठलं! त्या चार सुरांखाली दुसरा आवाज वेगळ्या सुरावर धरायचा असतो. आम्ही आयुष्यभर एका सुरात म्हणत आलेल्या बायका. शेजारणीचा सूर कानात शिरला की आपला सुटतो आणि सगळ्या पुन्हा एकाच पट्टीवर! काकांनी मग अर्ध्या जणींना भिंतीकडे तोंड करून बसवलं, कानावर एक हात ठेवायला लावला. तीन गुरुवार असे गेले. चौथ्या गुरुवारी दोन्ही आवाज सहा आवर्तनं वेगवेगळे राहिले, आणि काका पेटीचा भाता धरायचंच विसरले. त्या दिवशी त्यांनीच आम्हाला सांगितलं की 1922 साली हे गाणं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये घुमलं, पण लेओन्तोविच ते ऐकायला नव्हते. 1921 च्या जानेवारीत त्यांना गोळी घालून मारलं होतं. काका एरवी बोलत नाहीत फारसे.

त्रिनिदादचं पारांगही दोनदा केलं. तिथे स्पॅनिश गाणी म्हणत घरोघरी जातात, क्वात्रो नावाचं चार तारांचं छोटं वाद्य आणि हातात खुळखुळे. आमच्याकडे क्वात्रो कुठून येणार, कोपरीच्या मुलानं गिटारवर भागवलं. म्हणणाऱ्यांना प्रत्येक घरी खाऊपिऊ घालतात म्हटल्यावर आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आजी म्हणाल्या, "म्हणजे भोंडल्याची खिरापतच की!"

शेवटी मेक्सिकोचं लास पोसादास. तिकडे 16 ते 24 डिसेंबर नऊ रात्री हे चालतं. योसेफ आणि मरिया रात्री आसरा मागत दारोदार फिरतात, म्हणून अर्धे लोक दाराबाहेर आणि अर्धे आत, आणि गाणं आतून-बाहेरून. आमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिकांनी ते ओवीच्या चालीवर मराठीत बांधलंय. बाहेरच्या म्हणतात, "रात्र झाली गारठ्याची, जागा द्या हो उंबऱ्याशी." आतून उत्तर, "कोण बाई अवेळी, आमची झोप मोडली." तीनदा नकार. मग मरियेचं नाव ऐकल्यावर दार उघडतं. शाळेच्या सभागृहाचं मागचं दार जुनं, सागवानी, त्याला लोखंडी कडी. ती कडी मावशी काढतात. खण्णकन आवाज होतो आणि बाहेरच्या सगळ्या हातात पणत्या घेऊन आत येतात. सभागृहातले दिवे तेव्हा बंद असतात. माझ्यासाठी नाताळ तिथे येतो.

हे बघायला यायला हवं होतं लोकांनी, एवढंच माझं म्हणणं. दिवाळी पहाटेला तलावपाळीवर पाऊल ठेवायला जागा नसते, आणि आमच्या दीडशे खुर्च्यांपैकी साठ भरल्या तरी आम्ही खूश. काही जण करंज्या आणि कलकल (नाताळचा तळलेला गोड खाऊ) वाटायच्या वेळी येतात. तेही येऊ देत, पण अर्धा तास आधी या ना!

आता नावं न घेता आठवण काढते, कारण एकाचं नाव राहिलं तर वर्षभर मनाला लागेल. पेटीवाले काका. बँकेतून निवृत्त झालेले तबल्याचे भाऊ. कोपरीचा गिटारवाला मुलगा, जो आता पुण्याला आहे तरी येतो. रविवारी सुट्टी मोडून सभागृह उघडणारे शाळेचे शिपाई. खुर्च्यांचे पैसे कधीच पूर्ण न घेणारे मंडपवाले. शब्द मोठ्या अक्षरांत छापून आणणारी माझी सून. मेक्सिकोच्या पद्धतीनं फोडायच्या मडक्याला रंगीत कागद आणि सात टोकं लावून देणारा चेंदणीचा गोविंदा पथकातला मुलगा. पहाटे चारला उठून कलकल तळणाऱ्या मावशींच्या दोन्ही भाच्या. दिवे सांभाळणारा वायरमन. चहावाल्या ताई. हो, आणि पणत्यांत तेल घालायला थांबणारे तळमजल्यावरचे आजोबा, ते गेल्या उन्हाळ्यात गेले.

गेल्या वर्षी मावशींच्या गुडघ्यांनी जवाब दिला. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार मुलं त्यांना खुर्चीवर बसवून वर आणत होती, पण मागच्या जिन्यानं. त्या पोहोचल्या तेव्हा लास पोसादास सुरू झालं होतं आणि दार बंद. मावशी पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला होत्या. आत आम्ही दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी बाहेरून इतरांच्या वरून एक आवाज आला, जरा कापरा, पण सूर तोच, गुरुवारचा. आतल्या कुणालाच पुढची ओळ म्हणता आली नाही.

कडी काढायला मावशी नव्हत्या. मी उठले आणि काढली.