साउंड लोड होताना नोटेशन बंद पडायचं, तेव्हा

आमचा छोटा वाद्यवृंद आहे. चार व्हायोलिन, एक चेलो, दोन बासऱ्या, हार्मोनियम, तबला. पार्ट, म्हणजे प्रत्येकानं वाजवायचे सूर, लिहून द्यायचं काम माझ्याकडे. रविवारी तालीम, आणि शुक्रवारी रात्री नव्या लॅपटॉपवर नोटेशनचं, म्हणजे स्वरलिपी लिहायचं, सॉफ्टवेअर उघडेना. साउंड लोड होत असल्याची पट्टी निम्म्यापुढे सरकायची आणि खिडकी गायब. एररसुद्धा नाही. तेवढ्यात चेलोवाल्या मुलाचा फोन, "ताई, माझा पार्ट कधी पाठवताय?"

आधी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. अर्धा तास त्यात गेला आणि पट्टी परत तिथंच थांबली. साहजिक होतं. मूळ प्रोग्रॅम नवा झाला, पण आपण जमवलेले साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजाचे नमुने असलेल्या फाइली) आणि सेटिंग्ज युजरच्या फोल्डरमध्ये तशीच राहतात.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या घडामोडींची नोंदवही, उघडला. प्रोग्रॅम कोसळला की त्यात १००० क्रमांकाची नोंद पडते आणि कुठल्या भागात कोसळला तेही लिहिलेलं असतं. तिथं आवाज तयार करणाऱ्या भागाचं नाव होतं. तेव्हा माझ्या जिवात जीव आला, कारण स्वरलिपी वेगळी आणि तिला आवाज देणारे नमुने वेगळे. माझं लिखाण शाबूत असणार.

साउंडफॉन्टच्या फोल्डरचं नाव बदलून टाकलं, म्हणजे प्रोग्रॅमला ते सापडूच नये. सॉफ्टवेअर उघडलं! मुकं, पण उघडलं. लगेच सगळं म्युझिक-एक्सएमएलमध्ये, म्हणजे नोटेशनच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडता येईल अशा फाइलीत, साठवलं, पीडीएफ काढल्या आणि रात्री दीड वाजता सगळ्यांना पार्ट पाठवले. अशा वेळी दुरुस्तीच्या आधी हेच करावं, असं मी कळकळीनं सांगेन.

शनिवारी सकाळी फाइलींच्या मागे लागले. एकूण अकरा साउंडफॉन्ट. पाच परत ठेवले, चाललं. ते काढून उरलेले सहा ठेवले, कोसळलं. त्यातले तीन ठेवले, चाललं. राहिलेल्या तिनांपैकी एकेक टाकत गेले आणि चेलोची फाइल सापडली. जुन्या लॅपटॉपवर ती ६१० एमबी होती, इथं ३८८. फाइली आणताना पेन ड्राइव्ह मी घाईत ओढून काढला होता.

साउंडफॉन्टच्या फाइलीत सुरुवातीला माहिती, मग ध्वनीचे नमुने आणि कुठला नमुना कुठल्या सुराला वाजवायचा याची यादी सगळ्यात शेवटी असते. माझ्या फाइलीत आवाज होता, यादीच नव्हती. अशी फाइल सॉफ्टवेअरनं नाकारायला हवी, कोसळायला नको, हे माझं ठाम मत आहे.

फाइल पुन्हा आणली, या वेळी दोन्हीकडचा आकार ताडून पाहिला. पट्टी शेवटपर्यंत गेली. रचना पहिल्यापासून ऐकली, तर ३४व्या बारमध्ये (स्वरलिपीतल्या मात्रांच्या कप्प्यात) चेलो ऐकूच येईना. दुसऱ्या व्हायोलिनचा खालचा सूर नेमका त्याच्यावर बसत होता. कागदावर ते लक्षात आलं नव्हतं. चेलो एक सप्तक खाली नेला, पुन्हा ऐकलं, आणि त्या मुलाला फोन केला, "रात्रीचा पार्ट छापू नकोस रे, नवा पाठवतेय."