पाठवलेली पत्रं उतरवून घेताना

डिचोलीच्या आमच्या वाचनालयाचा ईमेल २०११ पासून मीच सांभाळते. जूनमध्ये मेलसेवा देणाऱ्या कंपनीने कळवलं, ऑगस्टअखेर सेवा बंद, आपापली मेल उतरवून घ्या. आलेली पत्रं एक वेळ गेली तरी चालतील, समोरच्याकडे त्यांची प्रत असते. पण आम्ही पाठवलेली? अनुदानाचे अर्ज, प्रकाशकांना दिलेल्या ऑर्डरी, व्याख्यात्यांना कळवलेलं मानधन, आपण काय शब्द दिला होता ते सगळं त्यातच.

थंडरबर्ड हे मेल कंप्युटरवर उतरवून घ्यायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते कार्यालयातल्या कंप्युटरवर घातलं. पत्ता आणि पासवर्ड दिला, पाच मिनिटांत इनबॉक्स भरला. पाठवलेल्यांचं फोल्डर मात्र रिकामं.

इथे माझे नऊ दिवस गेले. कंपनीच्या मदत क्रमांकावर चार वेळा फोन केला. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कथा सांगायची. एक जण म्हणाला, "मॅडम, इनबॉक्स आला ना? मग बॅकअप झाला." मला अजून त्या वाक्याचा राग येतो. पैसे भरून घेतलेली सेवा बंद करताना एवढं तरी नीट सांगायला नको? शेवटी साखळीहून भाचा आला, त्याने अकाउंट सेटिंग्ज उघडून पहिलाच प्रश्न केला, "मावशी, हे पॉप का लावलंस?" पॉप आणि आयमॅप या कंपनीच्या सर्व्हरवरून मेल आणण्याच्या दोन पद्धती, दोघींचा जोडणीचा क्रमांक, म्हणजे पोर्ट, वेगळा. कंपनीच्या माहितीपत्रकात पॉपच लिहिलं होतं, पोर्ट ९९५. पॉप साधारणपणे फक्त इनबॉक्स आणतं. सर्व्हरवरची बाकीची फोल्डरं हवीत तर आयमॅप लागतं, पोर्ट ९९३, एसएसएल (जोडणी सुरक्षित करणारी सोय) लावून. पॉपचं अकाउंट नंतर आयमॅप करता येत नाही, नवीन जोडावं लागतं.

जोडलं. फोल्डर दिसलं, पण त्यात २०१९ नंतरचीच पत्रं! मी तर घाबरूनच गेले. मग आठवलं, त्या वर्षी कंपनीने वेबमेलचं, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल बघायच्या पानाचं, रूप बदललं होतं. जुनं वेबमेल पाठवलेली पत्रं 'सेंट-मेल' नावाच्या फोल्डरात ठेवायचं, नवीन 'सेंट'मध्ये. अकाउंटच्या नावावर राइट क्लिक करून 'सबस्क्राइब' उघडलं, तर यादीच्या तळाशी 'सेंट-मेल', त्यापुढची चौकट कोरी. तिथे खूण केली आणि आठ वर्षांची पत्रं एकेक करून वर चढू लागली. तेवढ्यात पावसाने वीज गेली, पण परत आल्यावर काम जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं.

यादी दिसली म्हणजे पत्रं आली असं समजू नका. अकाउंट सेटिंग्जमधल्या 'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज'मध्ये पत्रं या कंप्युटरवर ठेवण्याची खूण आहे ना, ते बघा. मग राउटर बंद करून एखादं जुनं, जोडपत्र असलेलं पत्र उघडा. मी २०१३ मधला कपाटांसाठीचा अर्ज उघडला. कोटेशनची पीडीएफ उघडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आयमॅप हा सर्व्हरचा आरसा आहे. तिकडे पुसलं की इकडचंही जातं. म्हणून दोन्ही फोल्डरांतली सगळी पत्रं निवडून 'लोकल फोल्डर्स'मध्ये, म्हणजे फक्त या कंप्युटरवर राहणाऱ्या फोल्डरांत, कॉपी करा. 'मूव्ह' नको, मध्येच काही बिनसलं तर दोन्हीकडून हात धुऊन बसाल. फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये संख्या दिसते, ती दोन्हीकडे जुळवा. आमची ३,४१२ होती, जुळली.

आणि हे आधीच सांगायला हवं होतं: दुपदरी सुरक्षा (पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा) लावलेली असेल तर काही सेवांना नेहमीचा पासवर्ड चालत नाही, वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो.

थंडरबर्ड बंद करून त्याचं प्रोफाइल फोल्डर, ज्यात सगळी मेल साठते, ते मी दोन पेनड्राइव्हवर घेतलं. एक वाचनालयाच्या लोखंडी कपाटात आहे, नोंदवहीच्या शेजारी. दुसरा माझ्या घरी.