दहा सेकंदांची निगेटिव्ह आणि माझा अडकलेला पुलअप

सिंहगड चढताना दम लागतो पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यावर, हे ज्याने भोगलंय त्याला एक्सेंट्रिक म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. स्नायू लांब होत असतो आणि तरी जोर लावत असतो, उतारावर ब्रेक दाबून धरल्यासारखा.

मला एकही पुलअप, म्हणजे बारला लटकून स्वतःला वर ओढणं, येत नव्हता. जिममधला ट्रेनर म्हणाला, उडी मारून वर जा आणि दहा मोजत खाली ये, यालाच निगेटिव्ह म्हणतात. दीड महिना केलं. तीन रेप्समध्ये, म्हणजे तीनदा केलं की, हात थरथरायचे, दुसऱ्या दिवशी भांग पाडायचे वांधे, आणि मला वाटायचं एवढं दुखतंय म्हणजे काम होतंय! पुलअप मात्र अर्ध्यातच लटकलेला.

मग वाचत बसलो. खाली सोडताना स्नायू उचलण्यापेक्षा जास्त वजन पेलतो हे माहीत होतं, पण १९५२ चा एक प्रयोग भारी वाटला, दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच चेनने जोडलेल्या, एकजण पॅडल मारतोय आणि दुसरा नुसता अडवतोय, आणि अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला.

आता वेगाचं. उचलताना वेग वाढला की जोर घटतो, सोडताना तसं होत नाही. २००३ च्या एका अभ्यासात मशीनवर वेगात एक्सेंट्रिक केलेल्या हाताची ताकद हळू केलेल्यापेक्षा जास्त वाढली. पण ते मशीन हां, डंबेल वेगात सोडला तर तो नुसता पडतो, ब्रेक कुठे लागला? आणि २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला त्यात अर्ध्या ते आठ सेकंदांच्या रेपमध्ये स्नायूंची वाढ साधारण सारखीच निघाली, दहाच्या पुढे ताणलं तर उलट कमी. तो हिशोब ताकदीचा नाही, आकाराचा, पण मला इशारा पुरला. एकेक रेप दहा सेकंदांची धरली तर माझ्या पुरेशा रेप्सच होत नव्हत्या, आणि वजन वाढवायचं तर नावच नको.

म्हणून तीन-चार सेकंद, पाच रेप्स, चार सेट, आठवड्यातून दोनदा. नंतर सॅकमध्ये पाच किलोची प्लेट. सगळ्यात वरचा टप्पा, जिथे मी पूर्वी धपकन सुटायचो, तिथे मुद्दाम ब्रेक. सात आठवड्यांनी पहिला पुलअप निघाला, हनुवटी बारच्या वर गेली की नाही यावर ट्रेनरशी अजून वाद चालूय. दुसरा अजून निघत नाही.