तुम्ही विचारलंत म्हणून: जीन चालू करायचं बटण

दिंडोरीच्या द्राक्षबागेत गेलो की मामा हमखास विचारतात, "तुमच्या त्या जीनला चालू करायचं बटण कुठंय, तेवढं सांग." दरवेळी चहा येतो आणि उत्तर राहून जातं.

मामा, बटण नाही. आरएनए पॉलिमरेज नावाचं १२ प्रथिनांचं यंत्र जीनची नक्कल उतरवतं, पण नक्कल कुठून सुरू करायची हे त्याला एकट्याला कळत नाही. ते दाखवायला दुसरी प्रथिनं लागतात. डीएनएला धरून जीन चालू-बंद करणारी अशी प्रथिनं माणसात सुमारे १,६०० प्रकारची आहेत. त्यांनाही मोकळं रान नसतं. कोण कुणाला धरून बसलंय, यावर सगळं.

तुम्ही थॉमसन द्राक्षाचे घड मगात बुडवून जीएचं, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकाचं, डिपिंग करता ना? ते जीए जीनला हातही लावत नाही. वेलीच्या पेशीत डेला नावाची प्रथिनं वाढीच्या प्रथिनांना अडवून बसलेली असतात. जीए आलं की डेलाच मोडीत निघते, अडवलेली मंडळी सुटतात आणि मणी फुगतो.

माणसात डेला नाही, पण अशी जोडी आहे: पी-५३ आणि एमडीएम-२ ही दोन प्रथिनं. डीएनए बिघडला की पेशीची वाढ थांबवणारे जीन पी-५३ चालू करतं. एरवी एमडीएम-२ त्याला धरून मोडीत पाठवत राहतं. ही पकड फार देखणी आहे. एमडीएम-२ला एक खोल खाच असते, पी-५३ची फक्त तीन अमिनो आम्लं (प्रथिनाच्या साखळीतले दुवे) तिच्यात घट्ट बसतात, खुंटीला दोरी अडकवावी तशी. गंमत अशी की एमडीएम-२चं जीन चालू करणारंही पी-५३च! आपला पहारेकरी आपणच नेमायचा. डीएनएला इजा झाली की दोघांवर फॉस्फेट चढतात, पकड सैल होते.

काही कॅन्सरमध्ये एमडीएम-२ वारेमाप होतं आणि धडधाकट पी-५३ नुसतं दाबून ठेवलं जातं. म्हणून २००४ साली त्या खाचेतच जाऊन बसणारे नटलिन नावाचे रेणू पुढे आले. त्यांच्याच जातीची औषधं नंतर रुग्णांना देऊन पाहिली. पण त्यांनी निरोगी पेशींतलंही पी-५३ सुटतं, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कमी होतात.

जीएचं पीपीएम, म्हणजे पाण्यातलं प्रमाण, चुकलं की देठ कडक होतात, हे तुम्हीच मला शिकवलंत. ही औषधं देऊन पाहणारे डॉक्टरही सध्या डोसच मोजत बसलेत.